पोटाखालचं वऱ्हाड

ऋणमोचनच्या यात्रेला निघालो आणि कर्ज करून परतलो.

पौषातले रविवार म्हणजे पूर्णेच्या काठी ऋणमोचनला मुद्गलेश्वराची गर्दी. गाडगेबाबांनी ज्या गावी नदीला घाट बांधला, तेच हे गाव. अमरावतीकडून तिथं जायला नीट डांबरी रस्ता आहे. पण आम्ही अकोल्याहून निघालेलो, मूर्तिजापूर टाकून दर्यापूरच्या अंगाला लागलेलो, आणि मेहुण्यानं सांगितलं की एका पांदणीनं काढलं तर अर्धा तास वाचतो. एरवी मी ऐकलं नसतं. पण आमच्या बुडाखाली तेव्हा नवीकोरी नसली तरी नवीन घेतलेली फोर व्हील गाडी होती, आणि ज्याच्याकडे फोर व्हील असते त्याला चांगला रस्ता टोचतो.

गाडी म्हणजे लांब चासीची जुनी महिंद्रा. वर पत्र्याची बंद बॉडी, आत समोरासमोर दोन बाकडी, सरकत्या काचा. एका सरकारी लिलावात मिळालेली. घरात तिला 'व्हॅन' म्हणायचं ठरलं होतं, गल्लीतली पोरं तिला 'कैद्यांची गाडी' म्हणायची. पुढच्या-मागच्या दोन्ही हाऊसिंगना कमानी पाटे, दांडा ओढला की चारही चाकं फिरायची, आणि हॉर्न सोडून सगळं वाजायचं.

पांदण वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावी लागते. दोन्ही अंगांना शेतांचे धुरे, धुऱ्यांवर बाभळी, आणि मधून पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्या जाऊन जाऊन खाली बसलेली वाट. पावसाळ्यात ती नाला होते, उन्हाळ्यात तिच्यात घोट्याइतकी फुफाटी असते. आपण 'चाकोरी' म्हणतो ती इथं डोळ्यांनी दिसते. बैलगाडीची चाकोरी अरुंद आणि उथळ असायची, कारण बैलांनाही तिच्यातून चालायचं असे. गेल्या वीस-तीस वर्षांत ती ट्रॅक्टरनं खोल केली. ट्रॅक्टरचं पोट जमिनीपासून पंधरा-सोळा इंच वर. मधला उंचवटा त्याला लागतच नाही, म्हणून तो कुणी मोडतही नाही. माझ्या गाडीचं मागचं हाऊसिंग मी नंतर टेप लावून मोजलं, सव्वाआठ इंच. म्हणजे पांदणीतून जाताना माझी दोन चाकं ट्रॅक्टरनं आखलेल्या खंदकात आणि गाडीचं पोट मधल्या वरंब्यावर. जानेवारीत हा वरंबा वाळून भट्टीतल्या विटेसारखा झालेला असतो.

खारपाणपट्ट्यात औषधालासुद्धा गोटा सापडत नाही. पूर्णेचा हा सगळा पट्टा गाळाचा. घराच्या पायाला दगड लागला तरी तो लांबून आणावा लागतो. त्यामुळे पोटाखाली दगड लागायची भीती मला नव्हती. लागलं ते बाभळीचं खुंट. कुणीतरी वरंब्यातली बाभूळ जमिनीबरोबर तोडली होती, तिरपी, कुऱ्हाडीच्या दोन घावांत, आणि उरलेलं टोक उन्हानं वाळून लोखंड झालेलं. मोठा आवाज झाला नाही. नारळ फोडायला पहिला हलका ठोका मारतो तेवढाच. मेहुणा म्हणाला, "काही नाही, ढेकूळ." शंभर पावलांवर ऑइलचा दिवा लागला.

उतरून वाकून पाहिलं. मागं वरंब्यावर काळ्या मातीवर आणखी काळी ओळ, थेट आमच्यापर्यंत आलेली.

गॅरेजात इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला चेंबर म्हणतात. इंजिन जितकं भक्कम तितकंच हे भांडं नाजूक. दाबून काढलेला पातळ पत्रा, त्यात इंजिनाचं सगळं ऑइल, आणि जागा मात्र सगळ्यांत खाली, सगळ्यांच्या पुढे. डबा फोडताना टोच्यानं पडतं तसं भोक पडलं होतं. गाडी बंद केली एवढं शहाणपण सुचलं, नाहीतर इंजिनही बसलं असतं. मग ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवरचा मुलगा विशीतला, कानात हेडफोन. त्यानं साखळी अडकवली, आमच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "काका, इकडून कायले आले?"

ऋणमोचन त्या वर्षी राहिलं ते राहिलंच.

*

अकोल्यातला माझा मिस्त्री फार बोलत नाही. गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरला आणि दहा मिनिटं नुसता बॅटरी मारून पाहत राहिला. मलाही खाली बोलावलं. आपली गाडी खालून पाहणं हा आपला एक्स-रे पाहण्यासारखा प्रकार आहे. वर्षानुवर्षं जिच्यावर विश्वासून बसलो, तिचं सगळं कसं उघडं लोंबतं आहे ते कळतं.

तो बोटानं दाखवत गेला. चेंबर तर फुटलंच होतं. त्याच्या मागे गिअरबॉक्स, त्याला चिकटून फोर व्हीलचा ट्रान्सफर केस. पुढच्या हाऊसिंगचा फुगा मधोमध नसून एका अंगाला, म्हणजे चालवणाऱ्यानं दगड नेमका कोणत्या बाजूनं काढायचा हे लक्षात ठेवायचं. पाटे हाऊसिंगला बांधणारे यू-बोल्ट खाली दोन-दोन बोटं लोंबणारे. त्यांच्या आट्या घासून अशा चेपल्या होत्या की नट उघडायला गॅस कटर लागला असता. मागच्या हाऊसिंगच्या पाठीवरून जाणारी ब्रेकची तांब्या-पितळेच्या रंगाची नळी, पेन्सिलीपेक्षा बारीक, तिला कसलंच कवच नाही.

"हे पाहा," तो म्हणाला. नळीवर एक ताजा ओरखडा होता. "तुरीचं खुंट होय हे. तुमी गाडी मांगं घेतली असन शेतात."

घेतली होती. तूर कापली की वितभर उंचीची तिरपी खुंटं उभी राहतात आणि टायरच्या बाजूला अशी शिरतात की पंक्चरवाला सुद्धा हात जोडतो. पुढं जाताना ती वाकतात. मागं येताना भाल्यासारखी रोखलेली असतात. ब्रेकची नळी हाऊसिंगच्या मागच्या बाजूला बसवणाऱ्यानं गाडी पुढंच जाणार असं धरलेलं दिसतं.

चेंबर काढून ब्रेझिंग केलं. मग गाडीच्या पोटाखाली लोखंडी प्लेट करायचं ठरलं.

मेहुण्याच्या डोक्यात वेगळंच होतं. त्याला पुढं मोठ्ठा पाइपचा गार्ड हवा होता, आमदाराच्या गाडीला असतो तसा. तो मी होऊ दिला नाही. २०१७ च्या डिसेंबरात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवून असल्या क्रॅश गार्डांवर कारवाई करायला सांगितलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न येतो. कायदा बाजूला ठेवला तरी त्या पाइपानं वाचतं काय? बंपर. आणि समोरचा माणूस मरतो. आमच्या गाडीला धोका समोरून नव्हताच, होता तो खालून. पण खालचं कुणाला दिसत नाही, म्हणून त्यावर खर्च करताना माणसाचा हात आखडतो. मेहुणा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

प्लेट आम्ही एमआयडीसीत करून घेतली. अकोल्याची एमआयडीसी म्हणजे दाल मिल. दाल मिलच्या चाळण्या, एलिव्हेटर, हॉपर बनवणारे आणि दुरुस्त करणारे फॅब्रिकेटर तिथं आहेत, आणि पत्रा वाकवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. चार मिलिमीटरचा एमएस पत्रा घेतला. लोखंडाचा हिशेब सोपा असतो. चार मिलिमीटर पत्रा चौरस मीटरला साडेएकतीस किलो भरतो. इंजिनाखालचा तुकडा पंच्याण्णव सेंटिमीटर बाय साठ, म्हणजे अठरा किलो. गिअरबॉक्सखालचा दुसरा, तेरा. बेंड, पट्ट्या, बोल्ट धरून पस्तीसच्या आसपास, म्हणजे पाटीदप्तरासह शाळेतला एक पोरगा कायमचा गाडीच्या पोटाला बांधला. सहा मिलिमीटर लावा असं मी म्हणत होतो. मिस्त्रीनं मान हलवली. वजन वाढलं की पाटे बसतात, पाटे बसले की पोट खाली येतं, आणि ज्या गोष्टीपासून वाचायचं तिच्याच जवळ आपण जातो.

बांधणीत दोन गोष्टी मला शिकायला मिळाल्या. एक म्हणजे दोन तुकडे कौलांसारखे घालायचे. पुढच्याची मागची कड मागच्याच्या पुढच्या कडेखाली आली पाहिजे, म्हणजे दगड घसरत मागं निघून जातो, फटीत अडत नाही. दुसरी, प्लेट चासीला धरायची, गिअरबॉक्सच्या पायाला नाही. नाहीतर दगडाचा धक्का प्लेट झेलते आणि तसाच्या तसा आत पोचवते. बोल्टांची डोकी पत्र्यात बुडवलेली, घासली तरी चेपू नयेत म्हणून. ऑइल काढायच्या नटासमोर वाटीएवढं भोक. आणि गारा खाली पडावा म्हणून जागोजागी गोल भोकं. ही भोकं किती मोठी करायची यावर फॅब्रिकेटर आणि मिस्त्री यांची चहाच्या दोन कपांएवढी चर्चा झाली. फॅब्रिकेटरच्या मते बोटभर पुरे. मिस्त्री तळहात दाखवत होता. फॅब्रिकेटर जिंकला, कारण ड्रिल त्याच्या हातात होतं. ही गोष्ट पुढे येणार म्हणून मी नोंदवून ठेवतो.

रेडिएटरच्या खालच्या भागापुढं तूर चाळायच्या जुन्या चाळणीचा मोठ्या भोकांचा तुकडा लावला. यू-बोल्टांचे टोकाचे तुकडे कापून ग्रीस भरलेल्या टोप्या चढवल्या. ब्रेकच्या नळीला मिस्त्रीनं जे केलं ते मला सगळ्यांत आवडलं. गॅरेजामागं कुणाच्या तरी संत्र्याच्या बागेतली जुनी ठिबकची नळी पडली होती, बोटाएवढी जाड, काळी. ती उभी चिरली, ब्रेकच्या नळीवर चढवली, वर तार. खर्च शून्य.

*

राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती-अकोल्याच्या मध्ये २०२२ च्या जूनमध्ये एका पट्टीचा पंच्याहत्तर किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्या रस्त्यावर आमच्या प्लेटचा पहिला दोष कळला. साठच्या वर गेलं की ती गाऊ लागते. भोकांतून वारा घुसतो आणि तंबोऱ्यासारखा एकच सूर लागतो. पासष्टला बंद, सत्तरला पुन्हा चालू. जागतिक विक्रमाच्या डांबरावर आम्ही आपलं 'सां' धरून अमरावतीला गेलो.

उन्हाळ्यात एकदा अकोटमार्गे पोपटखेड करून शहानूरला, वर नरनाळ्याला जाऊन आलो. तिथं गाडीला काही करायचं नव्हतं. किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत, वन खात्याचं फाटक, ठरलेला रस्ता, आणि तो सोडून चाक खाली घालणं हा गुन्हा. ते योग्यच आहे. ज्यांना रान तुडवायला फोर व्हील हवी असते त्यांच्यातला मी नाही. मी महाकाली दरवाजापाशी पुन्हा एकदा बराच वेळ उभा राहिलो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस, इमादशाहीच्या मूळपुरुषानं, फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्कानं बांधलेला हा दरवाजा, दगडावर अक्षरांची अशी नक्षी की बघणाऱ्याला दगडाचं कठीणपण विसरायला होतं. 

अकोट-अंजनगाव रस्त्यानं पूर्वेकडे जाताना डाव्या हाताला सातपुड्याची गाविलगड रांग भिंतीसारखी उभी असते. मध्ये टेकड्या नाहीत, चढ नाही. कपाशी, कपाशी, संत्रा, आणि एकदम डोंगर. याचं कारण जमिनीत आहे. पायथ्याशी मोठा विभंग आहे. त्याच्या दक्षिणेचा भाग खचत गेला आणि तिथं पूर्णेचा गाळ साचत गेला, उत्तरेला बेसाल्ट उभा राहिला. गाडीवाल्याच्या भाषेत सांगायचं तर या रस्त्याच्या उजवीकडे गारा, डावीकडे गोटा. एकाच गाडीनं दोन्हीकडे जायचं असेल तर तिच्या पोटाखाली काय बांधायचं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

*

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परतवाड्याला मुक्काम केला. पहाटे चिखलदऱ्याचा घाट, तिथून जारिदा, आणि पुढं हतरूकडे. मेळघाटात गडगा, सिपना, खापरा, खंडू, डोलार अशा पाच नद्या, सगळ्या तापीला मिळणाऱ्या. सिपना हा कोरकूंचा सागासाठीचा शब्द. नदीला झाडाचं नाव देणारी माणसं मला कायम आपल्यापेक्षा मोकळ्या मनाची वाटत आली आहेत.

गाविलगडाच्या बाजूनं जाताना १८०३ आठवतंच. आपल्याकडे शाळेत अडगावची लढाई असते, २९ नोव्हेंबरची, अकोल्याच्या तेल्हारा तालुक्यातल्या अडगावची. त्यानंतर गाविलगड. इंग्रजांचा आर्थर वेलस्ली दक्षिणेच्या बाजूनं राहिला आणि कर्नल स्टीव्हन्सनला त्यानं एलिचपूरहून डोंगराच्या पोटातून फिरवून उत्तरेला पाठवलं. स्टीव्हन्सनच्या सैन्यानं डिसेंबरच्या ७ ते १२ तारखांत जड तोफा आणि सामान जवळजवळ सगळी वाट माणसांच्या हातांनी ओढून नेलं, आणि ती वाट आधी स्वतःच पाडली. १५ डिसेंबरला किल्ला पडला, दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. लढाईपेक्षा मला ते पाच दिवस जास्त दिसतात. तोफगाड्याचं चाक उतारावर दगडात अडतं, आस वाकतो, रात्र होते, कुणीतरी मशाल धरून खाली वाकून बघतं. त्यांच्या मिस्त्रीचं नाव इतिहासात नाही.

जारिद्याच्या पुढे रस्ता रस्त्यासारखा राहत नाही. पावसाळ्यानं वरचा मुरूम धुऊन नेलेला आणि खालचा बेसाल्ट उघडा पडलेला, म्हशीच्या पाठीसारखा. टायरांतली हवा वीस पाउंडांवर आणली. गाडी एकदम मऊ झाली, चाकं दगडांना कवेत घेऊ लागली. मग पहिला आवाज आला.

चार मिलिमीटरच्या पत्र्यावर बेसाल्ट घासतो तेव्हाचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. आधी घंटेसारखा टोला, मग लांब, दात आंबवणारी किरकिर, आणि शेवटी दगड सुटला की खळकन्‌. मेहुण्यानं डोळे मिटले. मी थांबलो, खाली झोपलो. प्लेटवर पंजाएवढा चकचकीत पांढरा पट्टा, मधोमध नखभर खोल दाब, आणि चेंबर त्याच्यावर चार बोटं सुखरूप. त्या जागी पत्रा नसता तर? मी तिथंच, हतरूच्या वाटेवर, चिखलात पालथा पडून अकोल्याच्या त्या फॅब्रिकेटरला मनातल्या मनात चहा पाजला.

पुढं एक नाला आडवा आला. रपटा होता, पण त्याचा मधला तुकडा वाहून गेलेला. पलीकडून एक काळीपिवळी आली, माणसांनी खच्चून भरलेली, टपावर बकरी. ड्रायव्हर कोरकू, चाळिशीचा. त्यानं गाडी काठावर उभी केली, चप्पल काढली आणि नाला आधी स्वतः पार केला. पाण्यात प्रत्येक पाऊल टाकून, तळव्यानं चाचपून. मग परत गेला आणि त्याच नागमोडी रेषेनं गाडी अशी काढली की बकरीसुद्धा हलली नाही.

मी त्याच्या गाडीखाली वाकलो. सवयच लागली होती. प्लेट नाही, गार्ड नाही. फक्त डिझेलच्या टाकीखाली ट्रकच्या जुन्या टायरची आडवी कापलेली पट्टी तारेनं बांधलेली, आणि चेंबरपुढं सागाची एक फळी, दगडांनी घासून घासून गुळगुळीत झालेली.

"फळी तुटत नाही का?" मी विचारलं.

"तुटते. दुसरी लावतो." मग माझ्या गाडीखाली पाहून म्हणाला, "हे वाकलं तर कोण सरळ करून देईल इथे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं दाखवलेल्या रेषेनं मी गाडी घातली. रेडिएटरपुढं ताडपत्री बांधली होती, म्हणजे पाणी पंख्यावर उडत नाही आणि पुढं लाट ढकलली जाते. इंजिनाच्या श्वासाची नळी आधीच बॉनेटच्या वर नेलेली. पाणी आत गेलं तर ते दाबलं जात नाही, आणि मग आतला कनेक्टिंग रॉड वाकतो, हे वाचून माहीत होतं. नाला पार केला, फुशारकी मारली, चहा केला. दोन दिवसांनी परतवाड्यात मागच्या हाऊसिंगचं ऑइल पाहिलं तर ताक.

कारण कळलं ते नंतर. हाऊसिंगमधली हवा चालून चालून तापते, फुगते, वरच्या छोट्याशा झडपेतून, म्हणजे ब्रीदरमधून, बाहेर पडते. तेच तापलेलं हाऊसिंग एकदम थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि श्वास आत ओढते. ब्रीदरला गारा लागून तो बुजलेला असला तर हा श्वास सीलच्या कडांतून घेतला जातो, पाण्यासकट. म्हणजे दगडासाठी मी पस्तीस किलो लोखंड बांधलं, आणि गाडीचं नाक झाकायचं राहून गेलं. नवीन ऑइल भरलं. ब्रीदरला डिझेलची नळी जोडून ती बॉडीच्या आतून बाकड्याच्या पाठीपर्यंत वर नेली. पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं गाडी थंड होऊ द्यायची, हे तर फुकटचं होतं.

*

परतताना परतीचा पाऊस आला.

अंजनगाव सोडलं तेव्हा आभाळ भरलेलं, दर्यापूर येईपर्यंत धो-धो. सोयाबीन कापून शेतांत पडलेलं, लोक ताडपत्र्या घेऊन धावत होते. शहाणा माणूस डांबरावरून सरळ मूर्तिजापूरला गेला असता. पण ती पांदण त्या रस्त्याला लागते, आणि मला हिशेब चुकता करायचा होता. मेळघाटातून सहीसलामत आलेल्या प्लेटचा माज, दुसरं काय.

काळी माती ओली झाली की फुगते आणि धरते. दोनशे पावलांत चाकं गोल राहिली नाहीत, गाऱ्याचे ढोल झाले. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा गच्च. उतरायचं, लोखंडी पट्टीनं खरवडायचं, वीस पावलं जायचं, पुन्हा उतरायचं. लहानपणी वखर हाकताना काका दर तासाला असंच खरवडायचे, त्याचा मला कंटाळा यायचा. मग चाकं चाकोरीत आणखी बसली आणि गाडी पोटावर टेकली. इथं आमची प्लेट आमच्यावरच उलटली. दगडावर घसरून जाणारा तो सपाट, रुंद, गुळगुळीत पत्रा गाऱ्यावर तव्यावर धिरडं चिकटावं तसा चिकटला. वजन चाकांवरून उतरून प्लेटवर आलं, आणि चाकं, चारच्या चारी, नुसती हवेत फिरल्यासारखी फिरत राहिली. पुढच्या कडेनं आत शिरलेला गारा प्लेट आणि चेंबर यांच्यामध्ये ठासून भरला होता. बोटभर भोकं पहिल्याच मिनिटात बुजलेली. काटा लाल रेषेकडे सरकू लागला.

ट्रॅक्टर आला. हेडफोन तेच.

"काका, पुन्हा?"

मी काही बोललो नाही. मेहुण्यानं बोलायचं ठरवलं होतं, पण माझा चेहरा पाहून त्यानंही बेत बदलला.

गॅरेजात प्लेट उघडली तेव्हा वर अडकलेला गारा एका लोंद्यात निघाला. अंदाज म्हणून वजनकाट्यावर ठेवला, एकवीस किलो. चेंबरचा साचा त्यावर आतून स्पष्ट उमटलेला, ड्रेन नटासकट. मिस्त्री त्याच्याकडे पाहत राहिला, मग त्यानं तळहात उघडून माझ्यापुढं धरला. चर्चेच्या दिवशी धरला होता तसाच.

"गोट्याले झाकन बराबर हाय. पन गाऱ्याले खाली पडाले जागा तं द्या ना भाऊ."

मग प्लेट पुन्हा कापली. गोल भोकांच्या जागी तळहाताएवढ्या लांबट फटी, पुढून मागे जाणाऱ्या, कडा आतून वळवलेल्या. पुढच्या तोंडाला रबराचा पडदा, जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचा, दाल मिलमधलाच. वारा फटींतून सरळ जाऊ लागल्यावर तिचं गाणंही थांबलं, याचं मला थोडं वाईट वाटलं. आणि सहा बोल्टांपैकी चार काढून तिथं खिळपट्ट्या दिल्या, त्यामुळे आता एका पान्यानं, एका माणसानं, वीस मिनिटांत प्लेट उतरते. खालच्या मुलखात पावसाळाभर ती लावायचीच नाही. पाऊस उघडला, वरंबे वाळले, की पुन्हा चढवायची. मेळघाटात जायचं तर केव्हाही. थंडीत एक पथ्य मात्र आहे. गवत वाळलं की कुसळं फटींतून वर जाऊन सायलेन्सरजवळ साठतात, आणि त्यांना पेटायला फार वेळ लागत नाही. म्हणून दर मुक्कामाला खाली झोपून हात फिरवायचा.

चेंबरपुढं मी सागाची एक फळीही लावून घेतली. मिस्त्रीला कारण सांगितलं नाही, त्यानं विचारलंही नाही.

सध्या आषाढ आहे. प्लेट गाडीखाली नाही. आईनं ती अंगणात, पायरीच्या पुढं टाकून घेतली आहे. गाऱ्यानं भरलेल्या चपला त्या लांबट फटींवर घासल्या की तळ इतका स्वच्छ निघतो की शेजारणीही फाटक उघडून येतात, दोन पाय घासतात आणि जातात.